थेम्सबाबा, दोन मांजरं आणि आम्ही

रेडिंग
१४ जून

प्रिय संज्या,

"आठ दिवस बोटीत बसून तुम्ही करता काय?" असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे टपकले. तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून चक्क पत्र लिहितोय. तुला शेवटचं पत्र मी हॉस्टेलवरून लिहिलं होतं आणि त्यात पैसे मागितले होते. याही पत्राच्या शेवटी एक मागणी आहे, पण घाबरू नकोस, पैशांची नाही.

आधी बोट कशी ते सांगतो, नाहीतर तुझ्या डोळ्यांसमोर केरळची हाउसबोट येणार. नॅरोबोट म्हणजे पाण्यात सोडलेला आगगाडीचा डबा. आमची सतरा मीटर लांब होती आणि रुंदीला दोन मीटरहून चार बोटं जास्त. इथले कालवे अडीचशे वर्षांपूर्वी खणले तेव्हा खर्च वाचवायला लॉक, म्हणजे बोट वर-खाली करायचे दरवाजेवाले हौद, रुंदीला सात फुटी बांधले, मग बोटीही त्यात मावतील एवढ्याच झाल्या. घोडा काठावरून ओढायचा, बोटीत कोळसा. कोळसा गेला, घोडा गेला, रुंदी तेवढीच राहिली. आता आत पलंग, शेगडी, फ्रीज, शॉवर, संडास असं सगळं एकामागे एक आहे, आपल्या वाईच्या ब्राह्मणशाही आळीतल्या जुन्या घरांसारखं, पुढच्या दारातून शिरायचं आणि मागच्या दारातून बाहेर. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून निघाली की मी मुकाट्याने बाकावर पाय घेऊन बसायचो. दुसरा इलाज नव्हता.

मांजरं बरोबर नेणं ही माझी कल्पना नव्हे. पण बायजाबाईचं वय आता तेरा. मागच्या वर्षी आम्ही तिला मांजरांच्या पाळणाघरात ठेवून गेलो, तर बाईसाहेबांनी चार दिवस उपोषण केलं. या खेपेला वहिनीने जाहीर केलं की मांजरं येणार, नाहीतर मी येणार नाही. बोट भाड्याने देणाऱ्या बोटयार्डाने मांजरांना हरकत घेतली नाही. मग दोन महिने घरात पट्ट्याची तालीम. गोट्या तीन वर्षांचा, त्याला पट्टा म्हणजे खेळ. बायजाबाईला पट्टा चढवला की हाडं काढून घेतल्यासारखी जमिनीवर पसरायची, आणि काढला की काही झालंच नाही अशा थाटात उठून जायची. शेजारच्या गल्लीत एक बाई आहेत, दहा वर्षं बोटीवर राहिलेल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती सोन्यासारखी: बोट बांधली की कडेने जुन्या गालिच्याची पट्टी पाण्यापर्यंत लोंबती सोडायची. मांजर पडलं तर ते पोहतं, पण पोलादाला नखं रोवता येत नाहीत. गालिच्याला येतात.

तर ऑक्सफर्डच्या उत्तरेला कालव्यावर बोट ताब्यात घेतली. यार्डातल्या माणसाने पाऊण तास शिकवलं. त्यातलं निम्मं मला पहिल्याच वळणावर विसरायला झालं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची. मी पहिल्या तासात एका विलोच्या झाडात शिरलो, पूर्ण. बाहेर आलो तेव्हा डोक्यावर पानं, चष्मा वाकडा, आणि काठावर कुत्रा फिरवणारा एक म्हातारा "सुंदर सकाळ आहे, नाही?" म्हणाला. इंग्रज माणूस तुझी फजिती बघून हवेबद्दल बोलतो, हे तीस वर्षांत मला पाठ झालंय.

कालव्यातून थेम्समध्ये उतरायला ड्यूक्स कट नावाचा एक छोटा फाटा आहे, १७८९ सालचा. मार्लबरोच्या ड्यूकच्या जमिनीतून काढला म्हणून हे नाव. तो संपतो आणि एकदम पात्र मोकळं होतं. तिथून प्रवाहाच्या उलट लेचलेड गावापर्यंत जायचं असं मी ठरवलं होतं. चाळीसेक किलोमीटर, नऊ लॉक. मोटारीने तासाभराच्या आतलं अंतर. मी एक्सेलमध्ये तक्ता केला होता: कुठल्या दिवशी किती तास, कुठे पाणी भरायचं, कुठे संडासाचा डबा रिकामा करायचा. (त्या डब्याबद्दल अधिक लिहीत नाही. प्रत्येक संसारात एक काम असतं जे बायको "तुम्हीच करा" म्हणते.)

तक्ता पहिल्याच दिवशी बायजाबाईने उधळून लावला. इंजिन सुरू झालं की दोन्ही मांजरं गायब. पलंगाखालच्या खणात, चादरींच्या मागे, भिंतीला पाठ लावून. आणि इंजिन बंद केलं की पाचव्या मिनिटाला बाहेर, अंग ताणून, जेवणाची चौकशी. दुसऱ्या दिवशी सहा तास बोट हाकली तर बायजाबाईने सहा तास पाण्याला तोंड लावलं नाही. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "उद्यापासून तीन तास. सकाळी दोन, दुपारी एक." म्हणजे सुकाणू माझ्या हातात आणि मुक्काम कधी ते म्हातारी बायजाबाई ठरवणार.

पण लॉकमध्ये गंमत व्हायची. लॉक म्हणजे पाण्याचा जिना समज. नदीला बंधारा घातलेला असतो, त्याच्या कडेला एक लांबट हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. तू खालून आत शिरतोस, मागचे दरवाजे बंद, पुढच्या झडपा उघडल्या की हौद भरतो आणि बोट मीटर-दीड मीटर वर उचलली जाते. थेम्सवर नियम असा की आत शिरल्यावर पुढून-मागून दोर टाकायचे आणि इंजिन बंद करायचं. इंजिन बंद म्हणजे गोट्या हजर! तो थेट खिडकीत जाऊन बसायचा. खिडकीबाहेर हातभर अंतरावर ओली, शेवाळलेली भिंत. ती हळूहळू खाली सरकायला लागायची. गोट्याची मान तिच्याबरोबर खाली. मग अचानक उजेड, गवताची कड, लॉककीपरचे बूट आणि त्याने लावलेला फुलांचा वाफा. ते बूट बघून प्रत्येक वेळी त्याची शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलायची. नऊ ठिकाणी नऊ वेळा तेच व्हायला हवं होतं, पण नऊ झाली नाहीत. ते पुढे.

बोटीत तू पाण्याच्या पातळीच्या खाली उभा असतोस, त्यामुळे खिडकी अगदी पाण्याला लागून येते. तिसऱ्या दिवशी पहाटे एक हंस आला. पावाची सवय असणार, त्याने चोचीने काचेवर टकटक केलं. बायजाबाई आतून उशीवर. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर, मध्ये काच. ती तेरा वर्षांची म्हातारी इतकी ताठ बसली की मला वाटलं आता हिचा जीव जातो. हंस मान वाकडी करून बघतोय, ही पापणी हलवत नाहीये. दोन-तीन मिनिटं असं चाललं. शेवटी हंसच गेला. मग बाई उठल्या, सावकाश जाऊन वाटीभर खाल्लं आणि दिवसभर आमच्याकडे बघितलंही नाही.

जेवणाचं म्हणशील तर पिठलं-भात, थालीपीठ, सगळं केलं. फक्त फोडणी पडली की धुराचा अलार्म कोकलायचा आणि वहिनी लाटणं घेऊन छताखाली टॉवेल हलवायची.

न्यूब्रिजला दुपारभर थांबलो. नाव नवा पूल, वय तेराव्या शतकातलं. म्हणजे आपल्या यादवांच्या काळातला पूल अजून मोटारी झेलतोय. तिथे विंड्रश नावाची लहानशी नदी थेम्सला मिळते. संज्या, १९४८ साली कॅरिबियन बेटांवरून माणसं घेऊन जे जहाज इथे टिलबरीला लागलं, त्याचं नाव या ओढ्याएवढ्या नदीवरून ठेवलेलं होतं. इथे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची गोष्ट निघाली की ते नाव निघतंच. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, नदी मात्र पहिल्यांदा बघितली. गुडघाभर पाणी, त्यात खंड्या. आपलाच, घाटावरचा तो निळा.

आणि रशी लॉकला तर मी उडालोच. तिथला बंधारा जुन्या पद्धतीचा: उभे लाकडी खांब, त्यांना टेकवून ठेवलेल्या फळ्या. पाणी सोडायचं तर माणसाने एकेक फळी हाताने उपसायची. अरे, हा आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा! बर्गे घालायचे, बर्गे काढायचे. मी लॉककीपरला पंधरा मिनिटं के. टी. वेअर समजावला. तो बिचारा चहा गार होईपर्यंत ऐकत होता.

त्या रात्री पाऊस लागला. वर कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत जास्तच झाला असणार, कारण दुसऱ्या दिवशी रॅडकॉटला पोचलो तर लॉकवर लाल पाटी. थेम्सवर प्रवाह वाढला की पिवळी पाटी लागते, जोर झाला की लाल. लाल असताना बोट हाकू नये. खुंट्या ठोकल्या, दोर जरा सैल ठेवले आणि बसलो. एक दिवस गेला, दुसरा उजाडला, पाटी लालच. परतीची तारीख ठरलेली, म्हणजे लेचलेड हातचं गेलं. मी इतका चिडलो की तक्ता फाडून चुलीत घातला. बायजाबाईचा मात्र स्वर्ग. इंजिन नाही, आत शेगडी पेटलेली, बाहेर पाऊस.

लेचलेडचा एवढा हट्ट का, ते तुलाच कळेल. तिथे सेंट जॉन्स लॉक आहे, थेम्सवरचं सगळ्यात वरचं, आणि त्याच्या काठावर थेम्सचा पुतळा आहे. इथे नदीला बाई नाही म्हणत, बाबा म्हणतात. म्हातारा थेम्सबाबा! आपण कृष्णाबाईचे उत्सव बघत वाढलेली माणसं. ब्रह्मपुत्र आणि शोण हे नद, बाकी सगळ्या माया. मला त्या बाबाला एकदा बघायचंच होतं. शेवटी वहिनीच म्हणाली, "मग चालत जा की. नदीच्या काठाने वाट आहे." दहा-अकरा किलोमीटर. पाऊस थांबल्यावर निघालो.

चिखलाने बूट दोन-दोन किलोचे झाले. वाटेत केल्म्सकॉट लागलं, विल्यम मॉरिसचं गाव. तोच तो पडद्यांच्या कापडावर वेलबुट्ट्या काढणारा. त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पक्षी पळवायचे, तर त्याने त्या चोरांचंच कापड केलं, १८८३ मध्ये. आमच्या शेजारणीच्या सोफ्यावर ते आहे. मॉरिसने एका नक्षीला विंड्रशचंही नाव दिलंय.

बाबा भेटले. आडवे टेकून बसलेत, दाढी छातीवर, हातात फावडं. १८५४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी घडवलेला पुतळा. पुढे १९५८ मध्ये त्याला थेम्सच्या उगमाशी नेऊन बसवला, आणि १९७४ मध्ये तिथून इथे हलवला. म्हणजे त्यांचीही बदलीच झाली, दोनदा. शेवाळ चढलंय, नाकावर पाखराने घाण केलेली. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी नव्हतं, आणि हात जोडले. सवय, दुसरं काय. येताना टॅक्सी केली. माणसाने बारा मिनिटांत सोडलं.

आणि मग माझा पराक्रम. दमून आलो, बूट काढायला पुढच्या दारात बसलो आणि दार लोटायचं विसरलो. रात्री अकराला लक्षात आलं, गोट्या नाही. तोंडचं पाणी पळालं. बाहेर नदी फुगलेली, काळाकुट्ट अंधार. वहिनी काही बोलली नाही, आणि ते जास्त वाईट. विजेरी घेऊन कुरणात उतरलो. "गोट्याऽऽ" अशी हाक ऑक्सफर्डशायरच्या कुरणात पहिल्यांदाच घुमली असेल. प्रकाशात डोळे चमकले, पण ते गाईंचे. मी प्रत्येक वेळी पाण्याकडे विजेरी टाकायचो आणि लगेच फिरवायचो.

तिथे काठाने काँक्रीटच्या बुटक्या खोल्या आहेत, बंदुकीपुरत्या फटी ठेवलेल्या. १९४० मध्ये जर्मन उतरतील म्हणून थेम्सच्या काठाने ओळीने बांधल्या. जर्मन काही आले नाहीत. त्यातल्या एका फटीत दोन हिरवे ठिपके दिसले. वाकून आत बघितलं तर गोट्या मोर्चावर, अंग कोरडं ठणठणीत, पुढ्यात एका उंदराचं उरलेलं शेपूट. हाक मारली तर कान हलवला. बाहेर यायला तयार नाही. वहिनीने सार्डिनचा डबा उघडला तेव्हा कुठे ठाणं सोडलं. मी त्याला कोटात गुंडाळून आणला. बायजाबाईने त्याला हुंगलं आणि एक थोबाडीत दिली. मला ती देता आली नसती, म्हणून मी तिचा आभारी आहे.

परतीचं सांगण्यासारखं फार नाही. तिसऱ्या दिवशी पाटी पिवळी झाली, प्रवाह पाठीशी होता, भराभर आलो. शेवटच्या दिवशी इंजिन चालू असताना बायजाबाई खणातून बाहेर आली, माझ्या पायाशी पायरीवर बसली आणि काठ मागे जाताना बघत राहिली. वीसेक मिनिटं. मग आत गेली.

तर मागणी अशी. पुढच्या मे महिन्यासाठी बोट बोलून ठेवलीय. लॉकचे दरवाजे ढकलायला एक तिसरा माणूस लागतो, आणि भोपळा बांधून गणपती घाटावरून उडी मारणारा मला दुसरा कोणी माहीत नाही. पासपोर्टची मुदत बघून ठेव. तुझ्या घरच्या वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बंड्या

ता. क. बायजाबाईला तुझं खिडकीकडचं बाक चालणार नाही. ते तिचं आहे.