अक्का, त्या दिवशी तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहिलात

अक्का,

परवा पहिला पगार झाला आणि मी कुंद्याचा डबा घेऊन तुमच्या पत्रिका जुळवायच्या दुकानात आले. तुम्ही एक घास तोंडात टाकलात, माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि "थांब गे, पत्रिकेचं प्रूफ न्यायला माणूस आलाय" म्हणत वळलात. मी अर्धा तास बाकड्यावर बसले. खानापूरची गाडी गाठायची होती, त्यामुळे जे बोलायला आले होते ते राहूनच गेलं. म्हणून हे लिहिते. सगळ्यांसमोर लिहिते, कारण वेबचं काम शिकायचं म्हणून आमच्या भागातली किती तरी मुलं आज पैसे गोळा करतायत. त्यांनी कुठेही फी भरण्याआधी हे वाचावं असं मला वाटतं.

तुमची भेट होण्याआधी आठ महिने मी एका क्लासला जात होते. नाव लिहीत नाही. बाबांनी त्या वर्षीच्या काजूचे पैसे मोजून फी भरली होती. एका संगणकासमोर आम्ही तिघं बसायचो. सर फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. वेबचं पान ज्यात लिहितात ते एचटीएमएल म्हणजे काय, त्याचं पूर्ण रूप काय, टॅग, म्हणजे त्यातल्या खुणा, किती प्रकारचे. कोणी अडलं की सर यायचे, हातातला माऊस काढून घ्यायचे, टकाटक चार ठिकाणी क्लिक करायचे आणि "समजलं?" विचारून पुढे जायचे. काय केलं ते दिसायचंही नाही. आम्ही मान हलवायचो. आठ महिन्यांत माझी वही भरली, पण स्वतःच्या हाताने केलेलं एक पान काही उभं राहिलं नाही.

एक पान मी करून बघितलं होतं, घरी, फोनवर टाइप करून. आमच्या गावच्या गाड्यांच्या वेळांचं. आईला कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, स्टँडवर ती दर वेळी कुणाला तरी पाटी वाचायला सांगते. तिच्यासाठी मराठीत एक तक्ता करायचा होता. ते पान क्लासमधल्या जुन्या मशीनवर उघडलं तर खानापूर, जांबोटी, कणकुंबी यांच्या जागी सगळा कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे चार काटे फुटलेला बारका गोळा, कुठे जपानी येनचं चिन्ह, मग काहीतरी भलतंच, आणि पुन्हा तोच ए. सरांनी लांबूनच पाहिलं. "मराठी चालत नाही कोडमध्ये. इंग्लिशमध्ये लिही."

मी ते मुकाट्याने मानलं, याचं आज सगळ्यात वाईट वाटतं. कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागात बसची पाटी, कचेरीतला अर्ज, जमिनीचा उतारा, कुठेच आपली अक्षरं नसतात. त्यात आणखी एक जागा वाढली, एवढंच वाटलं. विचारावंसंही वाटलं नाही.

तुमच्या दुकानात मी आले ती बोनाफाईडची प्रिंट काढायला. पेनड्राइव्ह उघडताना तुमच्याकडून चुकून तेच पान उघडलं. मला एवढी लाज वाटली की मी म्हणाले, "बंद करा अक्का, ते बिघडलंय." तुम्ही बंद केलं नाहीत. चष्मा वर सरकवून वाचल्यासारखं बघितलंत आणि म्हणालात, "बिघडलं नाही गे. तुमच्या मराठीला ए पुढे काटे फुटलेला गोळा येतोय, नाहीतर येन. आमच्या कन्नडाला ए पुढे बारका दोन येतोय, नाहीतर बारका तीन."

अक्का, आठ महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं की त्या कचऱ्यालाही काही कारण आहे. तुम्हाला ते पाठ होतं. पत्रिका, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका दोन्ही भाषांत जुळवत तुमची वर्षं गेली. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये मराठी, नुडी या सॉफ्टवेअरमध्ये कन्नड, आणि दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नवरीच्या नावाचं काय होतं हे तुम्ही भोगलेलं. जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असायची, वरून फक्त आपला पोशाख चढवलेला, हे तुम्ही सांगितलंत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, मराठीच्या ख ला वेगळा, कन्नडच्या ख ला वेगळा. तो क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत आपल्या एकेका अक्षराला तीन बाइट लागतात. ब्राउझरला ते सांगितलं नाही तर तो त्या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हं छापतो. माझ्या पानात सगळं बरोबर होतं. फक्त ते सांगणारी ओळ नव्हती.

आणि मग तुम्ही खुर्चीवरून उठलात. "बस."

गिऱ्हाईक उभं होतं. ती ओळ तुम्ही पाच सेकंदांत टाकली असती. मला म्हणालात, हेड टॅगच्या आत, अगदी वर, मेटा लिही, पुढे चारसेट, बरोबरचं चिन्ह, अवतरणात यूटीएफ, आडवी रेघ, आठ. मी लिहिलं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं. तोच कचरा. मी वळून बघितलं तर तुम्ही माझ्या मागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभ्या. "बघ की परत," एवढंच. मी एकेक अक्षर बघायला लागले. एकदा तुमच्या बांगड्या वाजल्या, हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. मला वाटलं, आता माऊस जाणार. तो हात तसाच मागे गेला. गिऱ्हाईकाने घड्याळ बघितलं. तुम्ही त्याला कन्नडात काहीतरी म्हणालात, तो बाकड्यावर बसला. मला चूक सापडली. चारसेटच्या स्पेलिंगमध्ये मी एच आणि ए उलटसुलट टाकले होते. दुरुस्त केलं, आणि स्क्रीनवर पहिल्या ओळीत 'खानापूर' उमटलं. दीर्घ पू सकट.

त्यानंतर दीड वर्ष तुम्ही मला खूप काही शिकवलंत, पण मी शिकू शकते हे मला त्या मागे गेलेल्या हाताने सांगितलं. बाकी सगळं त्याच्यानंतरचं.

तुम्ही म्हणालात, "हीच ओळ कन्नडाला, हीच मराठीला. दुसरी नाही." तुम्ही मला तंगी म्हणायला लागलात. कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता, तो तुम्ही बदललात.

जे आता सुरुवात करतायत त्यांना सांगते, मी पुढे काय केलं. ते एकच पान धरून ठेवलं. नवीन काही शिकले की त्यातच घालायचं, ही अक्कांची अट. आधी एचटीएमएलने तक्ता उभा केला. एचटीएमएलचे टॅग शंभरावर आहेत, पण रोज हाताखाली येतात ते वीसेक. इंग्रजी कच्चं असलं तरी तेवढे शब्द कुणालाही जमतात. मग सीएसएसने रंग, अक्षरांचा आकार, आणि फोनच्या बारक्या पडद्यावर तक्ता बाहेर जाऊ नये याची सोय. मग जावास्क्रिप्ट, म्हणजे आत्ता किती वाजले ते बघून पुढची गाडी रंगवून दाखवायची. संगणक नसेल तर सुरुवात फोनवरही होते, माझी झाली. संगणक मिळाला तर एक साधा एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, आणि ब्राउझर पुरे, दोन्ही फुकट. कुठलंही पान उघडून एफ१२ दाबा, त्याची आतली शिवण दिसते. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प या शिकायच्या वेबसाइट इंग्रजीत आहेत पण फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये मराठी आवाजातले धडेही मिळतात. क्लास लावायचाच असेल तर आधी एक दिवस मागच्या बाकावर बसून बघा, माऊस कुणाच्या हातात असतो.

मला सगळ्यात जास्त त्या पुढच्या गाडीनेच शिकवलं. सकाळी नऊला पान उघडलं की साडेनऊची गाडी सोडून सव्वादहाची रंगायची. दोन शनिवार गेले. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, "दोन्ही वेळा कन्सोलमध्ये छापून बघ, कोण मोठं म्हणतंय ते त्यालाच विचार" म्हणालात. कन्सोल म्हणजे त्या एफ१२ च्या खिडकीतला कप्पा, कोड काय करतोय ते तिथे छापून बघता येतं. विचारलं. तो वेळेला शब्द समजत होता आणि शब्द पहिल्या अक्षरापासून जोखत होता. नऊ हा एकापेक्षा मोठा, म्हणून ९:३० त्याच्या लेखी १०:१५ च्या नंतर. नवाच्या आधी एक शून्य घातलं आणि गाडी जागेवर आली. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

माणसाने माणसाशी कसं वागावं याचा मी अलीकडे फार विचार करते. टिम बर्नर्स-ली यांनी ज्या सर्न या संशोधन संस्थेत वेब तयार केलं, तिने ३० एप्रिल १९९३ ला ते तंत्र सगळ्यांसाठी विनामूल्य खुलं केलं. कुणाला फी नाही, परवाना नाही. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींपैकी ही माझी आवडती. ज्यांनी ते फुकट दिलं त्यांना जांबोटी रस्त्यावरची मुलगी माहीत असण्याचं कारण नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. प्रिंटचे पैसे घेऊन मला वाटेला लावलं असतंत तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्या दिवशी बाकड्यावर बसून राहिलेल्या गिऱ्हाईकाचेही मी आभार मानते. त्याचं काम होतं, तरी तो उठून गेला नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचा नववीतला मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या पानात एक टॅग बंद करायचा राहिला होता, मला तो लगेच दिसला. माझा हात आपोआप माऊसकडे गेला. तेव्हा मला कळलं की तुम्हाला त्या दिवशी किती अवघड गेलं असेल. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. त्याला वीस मिनिटं लागली.

आई आता स्टँडवर फोन काढून आपलं पान उघडते. शेजारी उभ्या बायकांनाही वाचून दाखवते.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. जुन्या पत्रिकांच्या फायली युनिकोडमध्ये आणायच्यात म्हणाला होतात, त्या एका ठिकाणी काढून ठेवा. आणि कुंदा उरलेला दिसता कामा नये.

तुमची तंगी