रिक्षाकाका, तुमची म्हातारी आता इंग्रजी बोलते

काका, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचणार नाही, सूनबाई फोनवरून वाचून दाखवतील, हे ठाऊक आहे. म्हणून मोठ्यानं वाचता येईल असंच लिहितेय.

पावसाळ्यात माझी ॲक्टिव्हा बंद पडली आणि आठवडाभर मी दांडिया बाजारातून शाळेपर्यंत तुमच्या रिक्षात पोरांच्या दप्तरांमध्ये अंग चोरून बसले. (पोरं किती होती ते लिहीत नाही, आरटीओवालेही वाचत असतील.) न्यायमंदिरापाशी गर्दीत रिक्षा अडकली की तुमची गोष्ट सुरू. म्हातारी लेकीकडे निघालेली. वाटेत कोल्हा भेटला, म्हणाला, ‘म्हातारे, मी तुला खातो.’ आणि तुम्ही गप्प. आरशातून मागे बघत नुसते गप्प. मागून पोरं ओरडली, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा!’ गुजराती पोरांची म्हातारी तिच्या भाषेत बोलली, ‘दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे.’ लहरीपुरा गेला, मांडवी आली, तरी वाघ वाटेतच उभा. शाळेच्या फाटकाशी तुम्ही ब्रेक लावून म्हणालात, ‘वाघोबा आता सुटल्यावर भेटतील.’

त्या आठवड्यात सहावीला मी ‘विल’ शिकवत होते. फळ्यावर आय विल, ही विल, शी विल. पोरांनी वहीत उतरवलं, रेघ मारली, संपलं. गोष्ट सांगून शिकवायचं मला माहीत नव्हतं असं नाही. भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांवर मी पीटीसीला, म्हणजे शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमात, छान टीप लिहिली होती, मार्कही मिळाले होते. पण वर्गात इंग्रजी गोष्ट घेतली की दर वाक्याला थांबून अर्थ सांगायचे, अवघड शब्द फळ्यावर लिहायचे. गोष्ट संपेपर्यंत पोरं जांभया द्यायची आणि फळा भरलेला असायचा. तुम्ही ‘तूपरोटी’चा अर्थ कुणालाच सांगितला नाहीत. तुमची म्हातारी प्रत्येक जनावराला तेच उत्तर देते, आणि तिसऱ्या वेळेला ते उत्तर पोरांचं झालेलं असतं.

शनिवारी वर्गात मी तुमचीच नक्कल केली. कोल्ह्याला उत्तर मीच दिलं, ‘आय विल गो टू माय डॉटर्स हाऊस, आय विल ईट घी अँड रोटी, आय विल गेट फॅट, देन यू कॅन ईट मी.’ हातवारे सगळे केले, पोट फुगवूनही दाखवलं. अस्वलाला उत्तर अर्ध्या वर्गानं दिलं. वाघाच्या वेळी मी गप्प राहिले. गप्प राहणं फार अवघड असतं हो काका, जीभ वळवळते. तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो जूनपासून इंग्रजीच्या तासाला हजेरीपलीकडे एक अक्षर बोलला नव्हता, तो वाघालाच सावध करायला उठला, ‘टायगर, शी विल नॉट कम!’

दोन आठवडे फळ्यावर जे जमलं नाही ते असं झालं. मी शाबासकी द्यायलाही विसरले.

मग चिऊकाऊ घेतली. इथे मात्र माझी जिरली. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते,’ असं चिऊताई म्हणते, आणि मराठीत ‘घालते’नं काम भागतं. गुजरातीतही ‘नवडावुं छुं’ म्हटलं की झालं. त्यामुळे पोरांची चिऊ म्हणे, ‘आय बेद माय बेबी.’ इंग्रजीत त्याचा अर्थ रोज घालते असा होतो. आत्ता घालतेय म्हणायला ‘आय ॲम बेदिंग’ लागतं. पूर्वी मी हा फरक तक्ता काढून समजावायचे. या वेळी कावळा झाले, छत्री मिटून दाराशी भिजत उभी राहिले आणि विचारलं, ‘रोज? रोज काय करतेस ते सोड, आत्ता काय करतेयस?’ चिऊताईनं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय कावळा हलायचाच नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी स्वतःच्या सबबी काढल्या. ‘आय ॲम फ्राइंग फाफडा.’ ‘आय ॲम चार्जिंग माय मोबाइल.’ बिचारा कावळा फाफडा तळून होईपर्यंत भिजला.

सगळ्यांचं सगळं सुधारलं असं म्हणणार नाही. स्पेलिंगच्या नावानं अजून बोंब आहे, आणि ‘गोष्टीत वेळ घालवता’ हेही ऐकून झालंय. पण तासाची घंटा झाली की आता ‘बेन, पछी?’ (बाई, पुढे काय?) असं ओरडतात. एवढं ऐकण्यासाठी मी नऊ वर्षं शिकवत होते बहुतेक.

काका, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही भाडंही घेतलं नव्हतं, ते यातून फिटत नाही, तरी घ्याच.

आणि एक तक्रार. गुरुवारी तुम्ही राक्षसाला विहिरीत अर्धा उतरवून फाटकाशी सोडून दिलंत, शुक्रवारी रजा घेतलीत. पहिला तास अख्खा तो दोर तुटला की नाही यातच गेला. सोमवारी माझी ॲक्टिव्हा घरीच ठेवतेय. कोपऱ्यातली जागा धरून ठेवा, आणि आधी त्याला वर काढा.

तुमची,
सहावी ‘ब’ची बेन
बडोदे