रॉटवायलर आहे म्हणून घर नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
गृहनिर्माण संस्था, लातूर

विषय : ब विंगमधील माझा फ्लॅट भाड्याने देण्यास समितीने घेतलेली हरकत

चेअरमनसाहेब, स. न.

ब विंगमधला माझा फ्लॅट दिवाळीपासून बंद आहे. आता बदली होऊन आलेले एक बँकेतले कुटुंब तो भाड्याने घ्यायला तयार आहे. त्यांच्याकडे रॉटवायलर जातीचे कुत्रे आहे. पोलीस ठाण्यातली भाडेकरू नोंद आणि कराराचा मसुदा मी सेक्रेटरींकडे दिला. त्यांनी ‘रॉटवायलर’ एवढा शब्द वाचला आणि कागद परत केले. सरकारने बंदी घातलेली जात आहे, समिती परवानगी देणार नाही, असे तोंडी सांगितले.

आधी बंदीचे पाहू. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना एक परिपत्रक पाठवले होते. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, मॅस्टिफ वगैरे 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असे त्यात होते. जी कुत्री आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा, एवढेच म्हटले होते. त्यांना घराबाहेर काढा असे त्यातही नव्हते. ते परिपत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये रद्द केले. तेव्हा ‘सरकारी बंदी’ हे कारण टिकणारे नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे तर सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. आणि फ्लॅट भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचे असते, परवानगी मागायची नसते, हे आपल्या आदर्श उपविधीतच, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतच, आहे. फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारे बिनभोगवटा शुल्क तुम्ही घ्या, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. मी ते भरीनच.

पण कायदा दाखवून शेजार सांभाळता येत नाही, हे मलाही कळते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारले, ‘जिन्यात समोर आले तर मी कुठे जाऊ?’ प्रश्न रास्त आहे. रॉटवायलरचा नर पन्नास किलोच्या पुढे जाऊ शकतो. जर्मनीत ही कुत्री गुरे हाकायला आणि खाटकांच्या गाड्या ओढायला वापरत. असे कुत्रे बिथरले तर सडपातळ माणसाला ते आवरता येणार नाही. त्यामुळे ‘फार प्रेमळ आहे हो’ असले प्रमाणपत्र मी देत नाही. मालकाच्या निष्काळजीपणामुळे कुणाला इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे मी त्या भाडेकरू कुटुंबाला सांगितले, ते त्यांना आधीच ठाऊक होते.

मला खटकते ते वेगळेच. या कुटुंबाला औसा रोडपासून बार्शी रोडपर्यंत घर मिळाले नाही. एका एजंटाने त्यांना सरळ सल्ला दिला, ‘लॅब्रॉडॉरचं क्रॉस आहे म्हणून सांगा, कोण बघायला येतंय?’ त्यांनी तसे केले नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेत जात लिहिलेली असते आणि ती पुस्तिका त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्यापुढे ठेवली. आपण जातीवर फुली मारली की खरे बोलणारा दारातून परत जातो आणि खोटे बोलणारा वर राहायला येतो. त्याचे कुत्रे मग विनाअट, विनानोंद, कदाचित विनालस लिफ्टमध्ये फिरते. आणि घर मिळेना म्हणून कुत्रे हायवेला सोडून देणारे आहेतच. ते कुत्रे शेवटी कुणाच्या तरी गल्लीतच येते.

शिवाय यादीने धोका कळतो असेही नाही. आपल्याच समितीतल्या एका सदस्यांच्या शेतावर पश्मी जातीची कुत्री आहे. परका माणूस बांधावर दिसला की ती काय करते, ते त्यांनीच कोजागरीला रंगवून सांगितले होते. पश्मी कुठल्याही यादीत नाही. (ट्यूशनची आठ-आठ पोरे एका फ्लॅटमध्ये राहतात, त्यांच्याबद्दल मात्र समितीने अजून चकार शब्द काढलेला नाही. असो.)

करारात मी काही गोष्टी घातल्या आहेत. घराबाहेर कुत्रे नेताना पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात, मुलांच्या नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये तोंडाला मुसके. मंडळाच्या सूचनांप्रमाणे आपल्याला ते सक्तीचे करता येत नाही, पण ही अट त्यांनी स्वतःहून मान्य केली आहे. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर थांबायचे. सकाळी स्कूलबसच्या वेळी खाली उतरायचे नाही. गच्चीवर किंवा बाल्कनीत बांधून ठेवायचे नाही, कारण बांधलेले कुत्रे अधिक चिडते आणि भुंकते. घाण कागदाने उचलायची, पाइप लावून धुवायची नाही. उन्हाळ्यात आपली बोअर दम टाकते आणि टँकरचे पैसे सगळ्यांच्या खिशातून जातात, म्हणून हे कलम मी मुद्दाम घातले. रेबीजची लस दरवर्षी, तिची प्रत सेक्रेटरींकडे. नसबंदी झालेली आहे. यातले काही मोडले, तर एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवीन. समितीने तशी लेखी तक्रार दिली तरी पुरे.

कुत्र्याचे नाव बंड्या आहे, त्याला माझा इलाज नाही. सध्या तो उदगीरला त्यांच्या सासुरवाडीत आहे. समितीला पाहायचा असेल, तर एखाद्या रविवारी पार्किंगमध्ये मुसके घालून आणायला ते तयार आहेत. काकूंनाही त्या वेळी बोलवावे. त्यांना अजून काही अट सुचली तर ती करारात घालू.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. नकारच द्यायचा असेल, तर उपविधीतले कलम नमूद करून तो लेखी द्यावा, म्हणजे मला उपनिबंधक कार्यालयात दाद मागता येईल.

आपली,
सभासद, अ विंग

सोबत : भाडेकराराचा मसुदा, लसीकरण पुस्तिकेची प्रत, भाडेकरू नोंदीची पोच