राजूभाऊचा प्रस्ताव

नागपूर,
२० मे २०२५

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू हसलास. राग नाही आला, पण उत्तर सुचलं ते फोन ठेवल्यावर, पॉलिटेक्निकच्या तोंडी परीक्षेत व्हायचं तसंच. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. नवतपा, म्हणजे ते नऊ भाजके दिवस, लागायचाय अजून, पण गॅरेजचा पत्रा दुपारी बारालाच तापतो. बारा ते चार पोट्ट्यांना सुट्टी देऊन मी कूलरसमोर बसतो. त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घे.

तुला अर्धवटच सांगितलं होतं. आपला शेजारी राजूभाऊ. अठरा वर्षं हिंगणा रोडवर त्याचं आणि माझं गॅरेज भिंतीला भिंत लागून आहे, आणि त्यातली निदान बारा वर्षं आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक पळवण्यात घालवली. गेल्या महिन्यात संध्याकाळी, ट्रॅक्टर कारखान्याची शिफ्ट सुटून रस्त्यावर गर्दी झालेली, तेव्हा तो दोन कटिंग घेऊन आला आणि म्हणाला, ''मधली भिंत पाडू, एकच बोर्ड लावू. अर्धं तुझं, अर्धं माझं.'' काहून, ते तुला सांगायला नको. नवी गाडी पहिली तीन-चार वर्षं कंपनीच्या वर्कशॉपबाहेर येत नाही. बाहेर येईपर्यंत तिच्यात इतके सेन्सर असतात की पान्यापेक्षा लॅपटॉप जास्त लागतो. त्याच्याकडे डेंटिंग-पेंटिंगची बूथ आणि गाडी वर उचलणारी टू-पोस्ट लिफ्ट आहे, पण डिझेलचा मिस्त्री सोडून गेला. माझ्याकडे डिझेलचं काम आहे, स्कॅनर आहे, लिफ्ट नाही.

त्यावर तू म्हणालास, ''दोन आजारी माणसं एका खाटेवर झोपली तर बरी होतात काय बे?''

वाक्य झकास आहे. मोटारीच्या धंद्यात लोकांनी हेच करून पाहिलंय, आणि त्याचा निकाल तुझ्या वाक्याइतका सरळ लागत नाही. तू चाकणला पार्ट बनवणाऱ्यांत बसतोस, मी इथे तेच पार्ट खोलतो. मला खालून जे दिसलं ते सांगतो.

राजूभाऊ येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे टाटाची एक व्हिस्टा उघडी पडली होती. पावणेदोन लाख किलोमीटर झालेली. टायमिंग चेनचं कव्हर काढलं, हातात टॉर्च, आणि नवा हेल्पर पोट्टा विचारतो, ''मामा, हे तर स्विफ्टचं इंजिन आहे ना?'' त्यानं महिनाभरापूर्वी माझ्यासोबत एक स्विफ्ट खोलली होती. मी म्हटलं, ''स्विफ्टचं नाही, टाटाचंही नाही. फियाटचं.'' त्याला खरं वाटेना. १२४८ सीसी, मल्टिजेट. मारुतीनं २००७ साली स्विफ्टमध्ये घातलं तेव्हा नाव डीडीआयएस, टाटानं व्हिस्टात घातलं तेव्हा क्वाड्राजेट, आणि फियाटच्या पुंटो-लिनिआत आपल्या मूळ नावानं. ती एक चेन बसवायला शिकलो आणि तीन कंपन्यांच्या गाड्यांवर पोरीचं इंजिनिअरिंग झालं, हे तुला माहीत आहे.

आता त्या इंजिनाची कुंडली बघ. २००० साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं इटलीच्या फियाटच्या मोटार धंद्यातला २० टक्के वाटा घेतला. इंजिन आणि गिअरबॉक्स बनवायला दोघांनी मिळून अर्ध्या-अर्ध्या भागीदारीची कंपनी काढली, आणि हे छोटं डिझेल त्याच संसारातलं लेकरू. पण करारात एक कलम होतं, की पुढे फियाटच्या मनात आलं तर ती आपला उरलेला ८० टक्के मोटार धंदा जनरल मोटर्सच्या गळ्यात घालू शकेल. तेव्हा ते कलम कोणाला बोचलं नसेल. पण फियाट तोट्यात बुडत गेली, अन् तिकडे जनरल मोटर्सचंही काही बरं चाललेलं नव्हतं. शेवटी फेब्रुवारी २००५ मध्ये जनरल मोटर्सनं सुमारे २ अब्ज डॉलर मोजले, कशासाठी, तर फियाट विकत घ्यावी लागू नये म्हणून! नवरीकडच्यांना पैसे देऊन मांडवातून पळालेला नवरदेव मी दुसरा पाहिला नाही.

लग्न मोडलं. लेकरू मात्र वाढलं. फियाटची टाटाशी सोयरीक झाली, तुमच्या पुण्याजवळ रांजणगावला दोघांचा कारखाना उभा राहिला, तिथून हे इंजिन निघू लागलं. फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममध्ये विकायचं ठरलं होतं. ते काही जमलं नाही, २०१२ मध्ये दुकानं वेगळी झाली. कारखाना मात्र चालू राहिला, इंजिनं निघत राहिली, ती थेट बीएस-६ चे धुराचे नियम येईपर्यंत. यातली गंमत तुझ्या लक्षात आली असेल. दुकानाची भागीदारी मोडली, शेडमधली टिकली. गिऱ्हाइकाच्या नजरेला जे पडतं, बोर्ड, काउंटर, आपला माणूस-त्यांचा माणूस, तिथे खटके उडतात. बोनेटखाली कोणी नाव विचारत नाही.

लोगन गाडीचंच घे. महिंद्रा आणि फ्रान्सची रेनॉ, नाशिकला मिळून, २००७. गाडी दणकट, पण चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे छोट्या गाडीची करसवलत हुकली आणि किंमत चढली. २०१० मध्ये रेनॉ बाजूला झाली, महिंद्रानं तीच गाडी पुढे व्हेरिटो म्हणून चालवली. टॅक्सीवाल्यांना नाव बदललेलं कळलंही नसेल.

तू म्हणशील, हे सगळे छोटे किस्से. मग मोठा घे. १९९८ मध्ये मर्सिडीजवाल्या डायम्लरनं अमेरिकेची क्रायस्लर घेतली, ३६ अब्ज डॉलरचा सौदा, आणि जगाला सांगितलं की हे बरोबरीचं मीलन आहे. तेव्हा दोघंही खात्यापित्या घरचे होते, आजारी कोणीच नव्हतं. दोन वर्षांत डायम्लरचा मुख्य असलेल्या श्रेम्पसाहेबानं मुलाखतीत कबूल करून टाकलं की 'बरोबरीचं' हा शब्द समोरच्याचं मन राखायला वापरला होता. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८० टक्के हिस्सा ७.४ अब्जाला फुंकला. म्हणजे धट्टीकट्टी माणसंसुद्धा एका खाटेवर आजारी पडू शकतात, तेवढं तुझ्या वाक्यात जोडून घे.

आणि उलटंही झालंय. तीच क्रायस्लर २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा दारात कोण उभं राहिलं? फियाट! जिला चार वर्षांपूर्वी कोणी फुकट घ्यायला तयार नव्हतं. फियाटचा मुख्य मार्किओने, त्यानं २० टक्के वाटा घेतला आणि रोख एक डॉलर दिला नाही; छोटी इंजिनं आणि छोट्या गाड्या बनवायची विद्या दिली. रोकड अमेरिकेच्या सरकारनं ओतली होती, हे विसरायचं नाही, नाहीतर गोष्ट फार गोड होते. पण क्रायस्लरकडे मोठ्या गाड्या अन् जीप होती, छोटं काही नव्हतं. फियाटकडे छोटंच होतं, आणि अमेरिकेत दुकान नव्हतं. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या दुखण्यासारखं नव्हतं. जानेवारी २०१४ पर्यंत फियाटनं पूर्ण क्रायस्लर घेतली. म्हणून मी म्हणतो दिल्या, दोन आजारी एका खाटेवर, हे ठीक. पण एकाला दिसत नसेल आणि दुसऱ्याला चालता येत नसेल, तर हिशोब वेगळा होतो की नाही?

आता निसान. तिच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय, कारण राजूभाऊ मला त्याच वळणाचा वाटतो. १९९९ च्या मार्चमध्ये निसानवर सुमारे २ लाख कोटी येनचं कर्ज होतं. रेनॉनं ३६.८ टक्के वाटा घेतला, ५ अब्ज डॉलरवर रोख ओतली, आणि सोबत कार्लोस घोन हा माणूस पाठवला. त्यानं पाच कारखाने बंद केले, २१ हजार माणसं कमी केली आणि पुरवठादार जवळजवळ निम्म्यावर आणले. तू व्हेंडरकडचा, तुला हे ऐकून आत काहीतरी हललं असेल. पण दोन वर्षांच्या आत निसान नफ्यात आली. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात.

पुढे रेनॉचा वाटा ४३-४४ टक्क्यांपर्यंत गेला, निसानकडे रेनॉचा १५ टक्के आणि तोही मताधिकाराशिवाय. निसान मोठी झाली, जास्त गाड्या विकू लागली, जास्त कमवू लागली, पण पंगतीत पाट तोच, खालचा. वीस वर्षं ही सल आत राहिली. २०१८ मध्ये घोनला टोकियोत अटक झाली, पुढच्या वर्षाच्या शेवटी तो वाद्यांच्या पेटीत बसून लेबनॉनला पळाला, त्यावर तू मला किती मेसेज पाठवले होतेस! पेटीची गंमत सगळ्यांनी केली. मला त्या वाट्याच्या आकड्याचं जास्त नवल वाटतं. तो दोघांचा १५-१५ टक्के व्हायला २०२३ साल उजाडलं.

आणि आता बघ. २०२४ च्या २३ डिसेंबरला होंडा आणि निसाननं एकत्र यायचं जाहीर केलं, यंदा १३ फेब्रुवारीला मोडलं. बावन्न दिवस. होंडा म्हणाली, तू माझ्या हाताखाली ये. निसान म्हणाली, नाही. मागच्या आठवड्यात निसाननं ६७० अब्ज येनचा तोटा सांगितला, २० हजार माणसं कमी, १७ कारखान्यांचे १०. चेन्नईच्या ओरगडमच्या कारखान्यातला आपला ५१ टक्के वाटाही ती रेनॉला देऊन राहिली. तिची मॅग्नाइट गाडी मात्र तिथेच बनत राहणार. माझ्याकडे या महिन्यात एक टेरॅनो आणि एक डस्टर शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एक निसानची, एक रेनॉची, दोन्हींत तेच दीड लिटरचं डिझेल. टेरॅनोवाले काका जपानी गाडी म्हणून अभिमानानं सांगत होते. मी मान हलवली. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला हात लावू नये.

होंडाचं वागणं लोकांना उद्धट वाटलं. मला नाही वाटलं. पहिल्या दोन महिन्यांतच तिनं सांगून टाकलं की बरोबरी नाही जमणार. डायम्लरनं हेच सांगायला दोन वर्षं घेतली आणि रेनॉनं सांगितलंच नाही, नुसतं वीस वर्षं वागून दाखवलं.

तर राजूभाऊ 'अर्धं-अर्धं' म्हणाला तिथेच माझा कान टवकारला. मी चौथ्या दिवशी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, ''भाऊ, आधी उधारीची वही दाखव.'' त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, ''तू तुझी दाखवशील?'' मी माझी घेऊनच गेलो होतो, बगलेत. दोघांनी त्याच्या बूथमागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वाचल्या. त्याची उधारी माझ्या दुप्पट निघाली आणि लिफ्टचे अकरा हप्ते बाकी. माझ्या वहीत तुझ्या भावजयीचे दागिने निघाले, जे तुलाही ठाऊक नव्हतं, आता कळलं. अठरा वर्षांत आम्ही एकमेकांसमोर पहिल्यांदा एवढं गप्प बसलो असू.

भिंत पाडायची नाही, असं ठरलं. भिंतीला दार पाडायचं. बोर्ड दोन राहतील. माझी गाडी त्याच्या लिफ्टवर चढली की दर तासाचं भाडं मी देईन, ते हप्त्यात जाईल. त्याचं डिझेलचं काम मी करीन, लेबर सत्तर-तीस. डिझेलच्या कामात सत्तर माझे, हे त्याला लागलं, पण त्यानं ते तोंडावर सांगितलं, दोन कप चहा झाला, आणि पासष्टवर आलो. स्कॅनर मी त्याला देणार नाही, वापरून देईन. सहा महिन्यांनी परत वह्या घेऊन बसायचं.

गवंडी सोमवारी येतो. दाराची चौकट त्याच्या बाजूला उघडावी की माझ्या, यावर काल अर्धा तास वाद झाला. शेवटी सरकतं शटर लावायचं ठरलं.

तुझ्याकडून एकच काम आहे. चाकणला जुन्या हत्यारांचा माल निघतो म्हणाला होतास. मल्टिजेटचे इंजेक्टर ओढायचा पुलर मिळाला तर घेऊन ठेव, पण एकच घे. राजूभाऊला मी सांगितलंय की त्याचे अर्धे पैसे तो देणार आहे.

वहिनींना नमस्कार. पोराला म्हणावं, मामा संत्र्याच्या बर्फीचा डबा पाठवून राहिला.

तुझा,
मन्या