लकव्याच्या पेशंटचा बीपी घाईने उतरवू नका

मा. संपादक,
स. न.

तोंड वाकडे झाले आहे, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते आहे आणि मशीनवर बीपी दिसतो २००/११०. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात पहिला उपचार होतो तो बहुतेक वेळा बीपी उतरवण्याचाच. कुणी निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळते, कुणी ॲम्लोडिपिनच्या दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळायला लावते, कुणी लघवी वाढवणारे इंजेक्शन देते. नातेवाइकांनाही हायसे वाटते, की बीपी शूट झाला होता, डॉक्टरांनी लगेच खाली आणला. हाच पेशंट मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा बीपी ११०/७० असतो, आणि हातात जी थोडीफार ताकद उरलेली होती तीही गेलेली असते. हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. त्याने अपंगत्व वाढते आणि तो टाळण्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही, म्हणून हे पत्र.

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की त्या भागाच्या मध्यावर हा पुरवठा १० मिलिलिटरच्याही खाली जातो आणि तिथल्या पेशी काही मिनिटांत मरतात. भोवतालच्या पट्ट्यात मात्र शेजारच्या लहान वाहिन्यांतून १० ते २० मिलिलिटर रक्त झिरपत राहते. या पट्ट्यातल्या पेशी काम करत नाहीत, पण जिवंत असतात. गुठळी विरघळवण्याचे किंवा ओढून काढण्याचे सगळे उपचार याच पट्ट्यासाठी आहेत. निरोगी मेंदू बीपी वरखाली झाला तरी आपला पुरवठा कायम राखतो, पण या पट्ट्यातल्या वाहिन्या आधीच पूर्ण सैल झालेल्या असतात, त्यांच्याकडे सावरायला काही शिल्लक नसते. तिथे दाब जितका, तितके रक्त. शरीराने वाढवलेला बीपी हा त्या पट्ट्याला मिळणारा आधार आहे. तो काढून घेतला की वाचू शकणारा भागही मरतो. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, हा हिशेब अमेरिकेत २००६ मध्ये मांडला गेला. अशा वेळी दाब पाडणे म्हणजे ही गती आणखी वाढवणे.

आता कुणी म्हणेल, लकव्याचा झटका गुठळीने नव्हे, वाहिनी फुटून रक्तस्रावाने आला असेल तर? प्रश्न रास्त आहे. रक्तस्रावात बीपी लवकर उतरवल्याने फायदा होतो. भारतासह दहा देशांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ चाचणीत तासाभरात बीपीचा वरचा आकडा १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे हे सगळे एकत्र केल्यावर पेशंट अधिक चांगले झाले. पण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी किंवा एमआरआय स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही. उलटी, डोकेदुखी, बेशुद्धी यांवरून केलेला अंदाज चुकतो. नेमका हाच मुद्दा चीनमधल्या इंटरॅक्ट-४ चाचणीने २०२४ मध्ये निकालात काढला. झटका येऊन दोन तासांच्या आत असलेल्या आणि वरचा आकडा १५० किंवा जास्त असलेल्या २,४०४ जणांपैकी निम्म्यांना रुग्णवाहिकेतच शिरेतून औषध देऊन बीपी उतरवला गेला. सगळ्यांचा एकत्रित निकाल शून्य आला. आत डोकावल्यावर दिसले ते असे, की रक्तस्रावाच्या पेशंटना फायदा झाला होता आणि गुठळीच्या पेशंटचे नुकसान. दोन्ही मिळून आकडा जागच्या जागी राहिला. म्हणजे स्कॅनआधी दिलेले औषध कुणाला तारेल आणि कुणाला बुडवेल, हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

ही एकटी चाचणी नव्हे. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेत बीपी उतरवणाऱ्या नायट्रोग्लिसरिनची पट्टी कातडीवर लावून पाहिली (२०१९), फायदा झाला नाही. चीनमधल्याच कॅटिस चाचणीत (२०१४) गुठळीच्या ४,०७१ पेशंटमध्ये बीपी उतरवून मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. निफेडिपिनच्या कॅप्सूलबद्दल तर १९९६ मध्येच अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातून ती या कामासाठी बंद करा असे आवाहन झाले होते. हे औषध जिभेखालून फारसे शोषलेच जात नाही. पेशंट ते गिळतो आणि मग बीपी किती पडेल, केव्हा पडेल, यावर कुणाचा ताबा उरत नाही. शिवाय लकव्याच्या पेशंटला गिळता येते की नाही हे तपासलेले नसते. पाण्याचा घोट श्वासनलिकेत गेला की तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. घरात असलेली ॲस्पिरिनची गोळी देण्याची सवयही याच कारणासाठी आणि रक्तस्रावाच्या शक्यतेसाठी सोडायला हवी.

मग बीपी केव्हा उतरवायचा? सीटीत रक्त दिसत नसेल, झटक्याला साडेचार तास उलटले नसतील आणि गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे ठरले असेल, तर आधी १८५/११० च्या खाली आणायचा आणि पुढचे २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचा. नाहीतर औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हे औषध द्यायचे नसेल, गुठळी ओढून काढायची नसेल आणि हृदय, मूत्रपिंड किंवा महाधमनीची दुसरी तातडी नसेल, तर २२०/१२० पर्यंत हात लावायचा नाही. त्याच्या वर गेला तरी पहिल्या दिवसात साधारण १५ टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही. उतरवायचा तो शिरेतून, लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम एक ते दोन मिनिटांत हळूहळू देऊन आणि पुन्हा मोजून. दमा किंवा हार्ट ब्लॉक (ठोक्यांच्या विद्युत संदेशातला अडथळा) असेल तर हे औषध टाळून.

तार घालून गुठळी ओढून काढल्यावर तरी बीपी मनसोक्त खाली आणावा, असे पूर्वी अनेकांना वाटे. वाहिनी उघडली, आता दाबाची गरज काय? दोन चाचण्यांनी हा समज मोडला. चीनमध्ये (२०२२) वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेले पेशंट १४० ते १८० मध्ये ठेवलेल्यांपेक्षा जास्त अपंग राहिले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. दक्षिण कोरियात (२०२३) १४० च्या खाली ठेवण्याचा निकालही तसाच लागला आणि तीही अर्ध्यावर थांबली. वाहिनी उघडली म्हणजे पुढच्या बारीक केशवाहिन्याही लगेच उघडतात, असे नाही.

आकडा मोजण्यातच अनेकदा चूक असते, ही बाब वॉर्डात सर्वांत कमी पाहिली जाते. जाड दंडाला बीपीच्या मशीनचा लहान पट्टा (कफ) गुंडाळला की बीपी खोटा वाढलेला दिसतो. कफ लुळ्या नसलेल्या बाजूच्या दंडाला बांधायचा. आणि औषधाला हात घालण्याआधी ओटीपोट दाबून पाहायचे. लकव्यात लघवी तुंबणे नेहमीचे आहे, बोलता न येणारा पेशंट ते सांगू शकत नाही, आणि तुंबलेली लघवी काढली की पुष्कळदा बीपी आपोआप उतरतो. गुठळी विरघळवण्याचे औषध दिलेल्या पेशंटचा बीपी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास पूर्ण होईपर्यंत तासातासाने घ्यायचा, आणि तो कागदावर वेळेसह लिहायचा.

आता हृदयाकडे वळू, कारण बीपी म्हणजे रक्तपुरवठा नव्हे. नळाचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते, पण बादली उशिरा भरते. वाहिन्या आकसलेल्या पेशंटचा बीपी १६० असू शकतो आणि त्याच वेळी हृदय एका ठोक्याला नेहमीच्या ६०-७० मिलिलिटरऐवजी निम्मेच रक्त ढकलत असते. लकव्यात असे घडण्याची दोन कारणे नेहमी सापडतात: हृदयाचे ठोके अनियमित आणि १३०-१४० च्या गतीने पडणे, ज्यात कप्पा भरायला वेळच मिळत नाही, आणि उलट्या, उपाशीपोट, तासन्‌तास पाणी नाही म्हणून शरीर कोरडे पडणे.

ठोक्यामागचे रक्त मोजायला लाखोंचे यंत्र लागत नाही, साधे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुरते. डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जाते त्या तोंडाचा, म्हणजे एलव्हीओटीचा, व्यास २ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. त्याच सोनोग्राफीतल्या डॉपलरने काढलेला व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त पुढे सरकते ते अंतर, २० सेंटिमीटर आला तर गुणाकार ६३ मिलिलिटर. मिनिटाला ८० ठोके धरले तर पाच लिटर, ठीक. व्हीटीआय ९ आला तर ठोक्याला २८ मिलिलिटर, आणि १३० ठोके धरूनही मिनिटाला ३.७ लिटरच. इथे चूक होते ती व्यासात. २ ऐवजी १.८ मोजला की उत्तर ६३ वरून ५१ वर येते, कारण व्यासाचा वर्ग होतो. म्हणून व्यास एकदाच नीट मोजून फाइलवर लिहावा आणि पुढे फक्त व्हीटीआयची तुलना करावी. ठोके अनियमित असतील तर एका ठोक्यावर विसंबू नये, किमान पाचांची सरासरी घ्यावी. धमनीतल्या सुईवर चालणारी यंत्रे ‘स्ट्रोक व्हॉल्यूम व्हेरिएशन’चा, म्हणजे श्वासागणिक ठोक्यामागचे रक्त किती बदलते त्याचा, टक्का दाखवतात, पण तो पूर्णपणे व्हेंटिलेटरवर असलेल्या आणि नियमित ठोके असलेल्या पेशंटसाठीच खरा. लकव्याचे बहुतेक पेशंट स्वतः श्वास घेत असतात आणि अनेकांचे ठोके अनियमित असतात. तिथे त्या आकड्यावर सलाईन सोडणे चूक आहे.

सलाईन द्यावी की नाही, याचे उत्तर पलंगच देतो. डोक्याकडची बाजू ४५ अंशांत असताना व्हीटीआय मोजायचा. मग पलंग फिरवून धड आडवे आणि पाय ४५ अंश वर करायचे, म्हणजे पायांतले रक्त हृदयाकडे येते. पाय हाताने उचलायचे नाहीत, दुखण्याने ठोके वाढून मापन बिघडते. मिनिटाभरात पुन्हा मोजायचा. १० टक्के किंवा जास्त वाढला तर हृदयाला आणखी रक्त पेलते, २५० मिलिलिटर नॉर्मल सलाईन देऊन पुन्हा पाहावे. वाढला नाही तर बाटली लावू नये. मेंदूला मोठी सूज असेल, पेशंट गुंगीत असेल किंवा उलट्या होत असतील तर ही चाचणी करायचीच नाही. आणि डेक्स्ट्रोजची किंवा डीएनएसची, म्हणजे साखर असलेल्या सलाईनची, बाटली लावायची नाही. साखर वाढते, सूज वाढते. याला अपवाद एकच, ग्लुकोमीटरवर साखर कमी आलेला पेशंट. साखर उतरल्यावर हुबेहूब लकव्यासारखे दिसते, म्हणून बोटाला टोचून साखर पाहणे सगळ्यांच्या आधी.

ठोक्यामागचे रक्त मोजून उपचार केल्याने लकव्याचे अपंगत्व घटते, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही, हेही इथेच सांगायला हवे. या मोजणीचा उपयोग मर्यादित आहे: कोरड्या पेशंटला पाणी मिळावे, आणि अशक्त हृदयाच्या पेशंटच्या फुप्फुसात पाणी भरू नये. अल्ब्युमिन या प्रथिनाचा मोठा डोस शिरेतून देऊन मेंदू वाचतो का हे पाहणारी अलियास चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूला फायदा झाला नाही आणि फुप्फुसात पाणी होणाऱ्यांचे प्रमाण वाढले.

रोजच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल गैरसमज नको. लकवा टाळण्यासाठी त्या आयुष्यभर नेमाने घ्यायच्याच. झटक्यानंतरचा पहिला दिवस तेवढा वेगळा. पेशंट स्थिरावून नीट गिळू लागला की साधारण २४ तासांनी त्या पुन्हा सुरू करतात. बीटा-ब्लॉकर गटातली (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी मात्र एकदम तोडू नये, डॉक्टरांना तिचे नाव सांगावे.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आमची मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये आणि १०८ च्या रुग्णवाहिकांत लकव्यासाठी एक पानाची सूचना भिंतीवर असावी: सीटीआधी बीपीचे औषध नाही, तोंडाने काही नाही, साखर तपासा, आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करा. तातडीच्या ट्रेमधून निफेडिपिनच्या कॅप्सूल काढून टाकाव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ, साखर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि वजन लिहावे. वजन यासाठी, की गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजचा लकव्याचा डोस किलोला ०.२५ मिलिग्रॅम आणि कमाल २५ मिलिग्रॅम आहे, तर हेच औषध हार्ट अटॅकमध्ये वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम देतात. घाईत डोस बदलला तर मेंदूत रक्तस्राव होतो. नॉर्वेतील चाचणीत किलोला ०.४ मिलिग्रॅम देऊन पाहिले तेव्हा रक्तस्राव वाढल्याने तो भाग थांबवावा लागला.

आपल्या आरोग्य पुरवणीत लकव्याच्या लक्षणांची चौकट छापली जाते. पुढच्या वेळी त्या चौकटीत ‘दवाखान्यात बीपी उतरवण्यासाठी थांबू नका, थेट सीटीच्या ठिकाणी न्या’ ही ओळ घालावी, ही विनंती.

आपले,
मेंदूविकार व अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका, पुणे