शुगरचं लिहून टाक

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल तू व्हिडिओ कॉलवर बाबांच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसीचा फॉर्म भरत होतास, तेव्हा मी पोळ्या लाटत होते, पण कान तिकडेच होते. "शुगर?" तू विचारलंस. बाबा झटकन म्हणाले, "नाही लिही." आणि तूही लिहिलंस. फोनवर बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून हे पत्र.

2015 साली बाबांच्या पायाची जखम चिघळली, ऑपरेशन झालं, कंपनीने क्लेम नाकारला. तू तेव्हा बारावीत. "विमावाले चोर" हे आपल्या घरात अजूनही म्हणतात. अर्धी गोष्ट मात्र तुला कधी सांगितलीच नाही. फॉर्म भरायला एजंट आला होता, आपल्या गोठीतलाच, म्हणजे मोहल्ल्यातलाच, ओळखीचा. चहा झाला. म्हणाला, "वहिनी, एका गोळीचं काय लिहायचं? प्रीमियम उगीच चढेल. क्लेमच्या वेळी मी बघून घेईन." बाबांनी सही केली. पुढे हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मीच सांगितलं, आठ वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांशी कोण खोटं बोलणार? ते केसपेपरवर उतरलं, डिस्चार्ज कार्डावर आलं, आणि कंपनीने नेमकं तेच वाचलं. एजंट फोन उचलेना. दोन एफडी मोडल्या, माझ्या पाटल्या गेल्या.

जो तो सांगत होता, भोपाळला विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही, वर्षाच्या आत तक्रार करा. बाबा गेले नाहीत. मला वाटलं आळस. खूप उशिरा कळलं, त्यांना त्या सहीची लाज वाटत होती.

आता 2024 पासून आधीच्या आजाराचा क्लेम मिळायला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी चार होती. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हेही खरं. "पाच वर्षं काढा" असं तुला कोणी सांगितलं असेल, तर त्याने नियम अर्धाच वाचलाय. फसवणूक सिद्ध झाली तर ही सूट नाही. शिवाय बाबा एकाहत्तरचे. पाच वर्षं गप्प बस, असं शुगरला कोण सांगणार?

लबाडी फक्त आपल्याच बाजूला असते असंही नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी "पॉलिसी आहे का?" विचारतात आणि मग बिल फुगतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते कंपनी भरते असं वाटतं, पण पुढच्या वर्षीच्या प्रीमियममध्ये आपल्यासारखे पेन्शनरच भरतात. परवा तर "हैदराबादहून, इर्डातून बोलतोय" म्हणून फोन आला. बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस अडकलाय म्हणे, आधी फाइल चार्ज भरा. इर्डा म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, ती ना पॉलिसी विकते, ना बोनस वाटते. मी फोन हातात घेऊन मराठीत चार शब्द सुनावले. शब्द त्याला कळले नसतील, सूर कळला असावा.

तेव्हा आजच कंपनीला मेल कर. शुगर 2007 पासून, पायाचं ऑपरेशन 2015. क्लेम नाकारल्याचा रकाना असेल तर तोही खरा भर. प्रीमियम चढला तर वरचे पैसे माझ्या पेन्शनमधून देते. पॉलिसी हातात आल्यावर फ्री लूकचे, म्हणजे वाचून न पटल्यास परत करायचे, 30 दिवस मिळतात, तेवढ्यात तू येतोच आहेस. बाबांना समोर बसवून एकेक ओळ मोठ्याने वाच. त्यांचा चष्मा मी शोधून ठेवते.

तुझी,
आई