‘आयशा’चा अर्थ चुकीचा छापलाय, कृपया दुरुस्त करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलींच्या अरबी नावांची यादी आली होती, समोर अर्थ दिलेले. त्यात ‘आयशा’पुढे ‘विलासी, ऐषारामात राहणारी’ असं छापलंय. माझं नाव आयशा. पेपर आमच्याकडे आधी अम्मी वाचते, वय ८४, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक ओळ सोडत नाही. तिने त्या ओळीवर बोट ठेवून पुरवणी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, “असा अर्थ आहे का गं? मला तर वेगळंच सांगितलं होतं.”

माझ्याआधी तिची दोन बाळं गेली होती, एक अकरा दिवसांचं आणि एक चार महिन्यांचं. मी झाले तेव्हा अब्बा म्हणाले होते की हिला जगण्याचं नाव देऊ. म्हणून आयशा. अब्बा आता नाहीत, त्यामुळे खरं काय ते सांगायला मीच उरले आणि म्हणून हे पत्र लिहितेय.

आयशा म्हणजे जगणारी. जिवंत असलेली. बस. अरबीत ‘आश’ म्हणजे तो जगला, ‘यईश’ म्हणजे तो जगतो, आणि ‘आइश’ म्हणजे जगणारा, त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘आइशा’. फातिमा, खालिदा, सालिहा ही नावं घ्या, सगळी त्याच साच्यातली, आपण करणे-करणारी म्हणतो तशी. म्हणजे हे नाव बाईच्या रूपाबद्दल किंवा श्रीमंतीबद्दल काही सांगतच नाही, ही जगतेय एवढंच सांगतं.

हे मलाही लहानपणापासून माहीत नव्हतं, अब्बांचं वाक्य तेवढं माहीत होतं. नंतर कामासाठी संध्याकाळच्या क्लासला दोन वर्षं अरबी शिकले आणि कोश हातात आल्यावर कुणीही करेल तेच केलं, आधी स्वतःचं नाव शोधलं. सापडेना. बहुतेक अरबी कोशांत शब्द सरळ अक्षरांच्या क्रमाने लावलेले नसतात, मूळ तीन अक्षरं धरून बघावं लागतं, आणि आइशा लिहिताना मधे हमजा नावाचं अरबी अक्षर येतं म्हणून मी ऐन, हमजा, शीन या तीन अक्षरांखाली शोधत बसले होते, तर तिथे काहीच नाही. सरांनी सांगितलं की तो हमजा मूळचा नाही, त्याच्या जागी खरं अक्षर ‘ये’ आहे, ऐन-ये-शीन बघा. पान उलटलं आणि एका खाली एक सगळं कुटुंब उभं होतं, आश, यईश, ऐश, मईशा, मआश, आणि त्यातच आइशा. त्या पानावर मी किती वेळ बसले होते मलाच आठवत नाही.

तुमची चूक कुठून आली असेल ते पण तिथेच कळतं. अरबीत ‘ऐश’ म्हणजे नुसतं जगणं. पण तो शब्द फारसीतून फिरून आपल्याकडे येईपर्यंत साध्या जगण्याचं चांगलं जगणं झालं आणि चांगल्या जगण्याचं चैनीचं, म्हणून आपण ऐश केली म्हणतो, ऐषआराम म्हणतो. यादी करणाऱ्याने ऐश आणि आयशा एकाच घरातले हे बरोबर ओळखलं, पण अर्थ आपल्याकडच्या ऐशचा घेतला आणि तो उलटा अरबी नावाला चिकटवला. अशाने काहीही होऊ शकतं हो. ‘बदमाश’ हा शब्द पण याच मुळातला आहे, बद म्हणजे वाईट आणि मआश म्हणजे उपजीविका, वाईट मार्गाने जगणारा तो बदमाश. म्हणून काय आयशाचा अर्थ त्यावरून लावायचा?

दुसरीकडे काही लोक मला हौसेने सांगतात की आयशा म्हणजे आपलं आयुष्यच, संस्कृतमधून गेलेलं. ऐकायला गोड वाटतं, अर्थ पण जवळ येतो, पण दोघांचं नातं नाही. आयुष्य संस्कृत ‘आयुस्’वरून आलंय आणि आइशाची सुरुवात घशातून निघणाऱ्या ‘ऐन’ने होते, जे अक्षर आपल्या लिपीत नाहीच. आणि तुर्कीत तर ‘आय’ म्हणजे चंद्र, म्हणून तिथल्या ‘आयशे’चा अर्थ चंद्रासारखी असं लावलेलं पण वाचलंय. नाव तेच, अरबीतून गेलेलं, चंद्राचा काही संबंध नाही.

या शब्दाची खरी चव मला ऑफिसातल्या एका इजिप्शियन बाईंनी दाखवली. मी नाव सांगितल्यावर त्यांनी डब्यातली गोल पावरोटी उचलून माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, हे पण ‘एश’. इजिप्तमध्ये पावाला खुब्झ हा नेहमीचा अरबी शब्द न वापरता एश म्हणतात, ऐशचाच तिकडचा उच्चार, म्हणजे जगणंच. आखाती देशांत तोच शब्द भाताला वापरतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला लोकांनी जगणं हे नाव दिलं. २०११च्या जानेवारीत कैरोच्या रस्त्यांवर लोक ‘एश, हुर्रिया, अदाला इजतिमाइया’ अशा घोषणा देत होते, भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय, त्यातला पहिला शब्द हाच. टीव्हीवर ते ऐकताना अंगावर काटा आला होता, माझं अर्धं नाव तिथे लोक ओरडत होते!

मूल जगावं म्हणून तसं नाव ठेवणं अरबांमध्ये जुनंच आहे. मुलांचं ‘यईश’ असं नाव असायचं, तो जगतो, सिरियातल्या हलबचे (अलेप्पोचे) एक मोठे व्याकरणकार इब्न यईश याच नावाने ओळखले जातात, १२४५ला वारले. पण आयशा हे नाव एवढं पसरलं ते अर्थामुळे नाही, हजरत आयशांमुळे. पहिले खलिफा अबू बक्र यांची मुलगी, पैगंबरांच्या पत्नी, मदीनेत ६७८ला वारल्या, दोन हजारांहून जास्त हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, त्यांच्याकडून आल्यात. म्हणजे जिच्याकडे विचारायला मोठमोठे जाणकार यायचे अशा विद्वान बाईचं नाव आहे हे. पुढे पण दमास्कसची सूफी कवयित्री आयशा अल-बाऊनिया झाली, १५१७ला वारली, आणि इजिप्तच्या आयशा तैमूर, १८४० ते १९०२, त्या पण कवयित्री. ‘विलासी’ छापताना हे सगळं पुसलं जातं.

आता लोकप्रियतेचं. त्याच यादीच्या चौकटीत लिहिलंय की हे नाव प्रत्येक मुस्लिम देशात पहिल्या पाचात आहे. असं सरसकट नाही म्हणता येत. शिया कुटुंबांमध्ये आयशा नाव सहसा ठेवत नाहीत, ६५६ साली बसऱ्याजवळ उंटाची लढाई झाली तिच्यात हजरत आयशा आणि शियांचे पहिले इमाम हजरत अली समोरासमोर होते, ते दुःख त्यांच्या मनात आहे. म्हणून इराणमध्ये फातिमा, जहरा, जैनब भरपूर सापडतील पण आयशा क्वचित. यात कुणाला कमी-जास्त ठरवायचं नाहीये, फक्त ‘प्रत्येक देशात’ असं लिहू नका.

तुर्कीत मात्र आयशे घरोघरी. इतकं ओळखीचं नाव की १९७४च्या ऑगस्टमध्ये सायप्रसवरच्या तुर्की सैन्याच्या दुसऱ्या कारवाईचा इशारा म्हणून परराष्ट्रमंत्री तुरान गुनेश यांनी जिनिव्हातून फोनवर ‘आयशेला सुट्टीवर जाऊ दे’ असं सांकेतिक वाक्य सांगितलं होतं, आयशे ही त्यांचीच मुलगी. वाईट वाटतं मला ते वाचून, जगण्याचं नाव लढाईच्या इशाऱ्याला.

आफ्रिकेत तर या नावाची रूपं बघत राहावीत. सेनेगल, गिनीकडे ‘आयसातू’, उत्तर नायजेरियात ‘आइशातू’. हे शेवटचं ‘तू’ तिथल्या लोकांनी उगाच लावलेलं नाही, शुद्ध अरबीत कर्त्याच्या जागी नाव आलं की आइशातु असं म्हणतात, बोलीत ते गळून गेलं आणि तिकडे टिकून राहिलं. आणि स्वाहिलीत आयशाची झाली ‘आशा’! अगदी आपल्या आशासारखी, पण अर्थ जगणारी. स्वाहिलीत आयुष्याला ‘माइशा’ म्हणतात, तो शब्द पण त्याच ऐन-ये-शीनच्या पानावरचा. अमेरिकेत १९६० आणि ७०च्या दशकांत कृष्णवर्णीयांनी अरबी आणि आफ्रिकन नावं जवळ केली त्यात आयशा होतं, आणि १९७५ला गायक स्टीव्ही वंडरने मुलीचं नाव आयशा ठेवलं, पुढच्या वर्षी तिच्यावर गाणं केलं आणि त्या गाण्यात नावाचा अर्थ बरोबर सांगितला. जे मुस्लिम नाहीत त्यांच्याही घरात हे नाव गेलं.

आणि ‘पहिल्या पाचात’ असले क्रमांक. तेही जपून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ इंग्लंड-वेल्सची सरकारी यादी प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव धरून मोजते. रोमन लिपीत आयशा किती प्रकारे लिहितात बघा, कुणी आय घालतं, कुणी वाय, कुणी शेवटी एच, फ्रेंच लोक तर ‘श’साठी सी-एच. एक नाव पाच-सहा ठिकाणी वाटलं जातं आणि प्रत्येक तुकडा खाली दिसतो. मुहम्मदचं तेच, २०२३च्या यादीत त्याचं एक स्पेलिंग मुलांमध्ये पहिलं आलं तेव्हाही बाकीची स्पेलिंग वेगळीच मोजलेली होती. तेव्हा क्रमांक छापायचाच असेल तर कुठल्या देशाचा, कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या स्पेलिंगचा ते छापा.

नावांच्या याद्या लोक कापून ठेवतात, बाळाचं नाव ठेवताना काढून बघतात, आणि एकदा छापलेलं तेच पुढे दहा ठिकाणी उतरवलं जातं. म्हणून एवढी विनंती आहे, लांबलचक खुलासा नको, ‘आयशा : जगणारी, जिवंत असलेली’ एवढी एक ओळ दुरुस्ती म्हणून छापा. कुठल्याही पानावर, कितीही बारीक अक्षरात छापली तरी चालेल, अम्मीला सापडेल.

आपली वाचक,
आयशा